बरनमध्ये उपाशी सासूबाई

आमची भाड्याची कॅम्परव्हॅन एवढी लांब होती की तिचं तोंड पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेअर जिल्ह्यात शिरलं तेव्हा शेपूट तिकडे आमच्या घराजवळ, ल्यूकनच्या सिग्नलला उभं होतं. रस्ता मात्र सुतळीएवढा, दोन्ही बाजूंना दगडी गडगे. नवरा चालवत होता, मी शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होते, आणि मागे सासूबाई मांडीवर देवांचा डबा घेऊन उपाशी बसल्या होत्या.

उपाशी, कारण पूजा झाल्याशिवाय त्या चहाचा घोटही घेत नाहीत, आणि त्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं की पूजा होईल तर ताज्या फुलानेच. साताऱ्याहून आमच्याकडे परदेशात आल्यापासून त्यांच्या बाळकृष्णाला झाडावरचं फूल मिळालं नव्हतं. सुपरमार्केटमधले गुलाब त्यांना चालत नसत. फ्रिजमधलं शिळं देवाला वाढतेस का, असं विचारायच्या. रोज सकाळी हातात पिशवी घेऊन त्या शेजाऱ्याच्या कुंपणाकडे अशा बघत की तिथले गुलाब भीतीने माना खाली घालत. कितीदा तरी मी त्यांना फाटकातून परत आणलं होतं. आता परवा त्यांचं विमान होतं. म्हणून मीच जीभ सैल सोडली: बरनच्या खडकाळ पठारावर चला, तिथे दगडांना फुलं येतात, पाय ठेवायला जागा नसते, टोपली भरून घ्या.

पोचलो तर राखाडी ढगाखाली राखाडी दगड, नजर जाईल तिथपर्यंत. जणू कुणी अख्ख्या देशाला फरशी बसवायला घेतली आणि गवंडी मध्येच पळून गेला. भेगांमध्ये ती नावाजलेली निळी फुलं होती, पण ऊन नसल्यामुळे सगळी मिटलेली, गुंडाळून ठेवलेल्या छत्र्यांसारखी. आणि वाटेच्या तोंडाशीच पाटी: फुलं तोडू नका.

नवरा म्हणाला, ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत झकास. हा माणूस बुडत्या बोटीतही ग्रँडच म्हणेल.

माझे पाय वळवळायला लागले. पुढे समुद्राकडे ऊन असेल, तिथे नसलं तर त्याच्याही पुढे असेल. मी आभाळाकडे बघितलं, फोनवर हवामान बघितलं, परत आभाळाकडे बघितलं. व्हॅनभोवती एवढ्या फेऱ्या मारल्या की तिथे आता पायवाट पडली असेल आणि लोक तिला ऐतिहासिक समजत असतील. शेवटी सासूबाईंच्या कानाला लागले. म्हटलं, कुणी बघत नाहीये, मिटलेलं का होईना, एक तोडते. पूजा उरका आणि दोन घास खा.

“शेजाऱ्याचं फूल तोडलं तर शेजारी भांडायला येतो,” त्या म्हणाल्या. “इथं या बिचाऱ्याच्या बाजूनं भांडणार कोण?”

“मग निघू या ना, आई. पुढे ऊन असेल.”

“तुझं ऊन कायम पुढंच असतं. बस खाली.”

बसले. म्हणजे टेकले. उठले, परत टेकले. वारा असा की माझ्या भुवया जागेवर आहेत का ते मी दोनदा चाचपलं. सासूबाई मात्र स्वेटरवर शाल लपेटून एका मिटलेल्या कळीसमोर अशा बसल्या होत्या, जसं काही दार उघडणारच आहे.

आणि ढगाला भोक पडलं. उन्हाचा पट्टा दगडादगडांवरून चालत आमच्यापाशी आला. कळीचा पीळ हळूहळू सुटला, आणि पाच पाकळ्या उघडल्या. निळ्या अशा, की आभाळाने लाजून परत ढग ओढून घ्यावेत. मी मोबाइल उपसून धावले.

“सावली पडतेय तुझी. मिटंल ते.”

मी होते तिथेच थिजले, एक पाय दगडावर आणि एक हवेत. सासूबाईंनी डबा उघडला. मला वाटलं, आता हात फुलाकडे जाणार. पण त्यांनी बोटभर उंचीचा रांगता बाळकृष्ण काढला, दगड पदराने पुसला आणि त्याला फुलापासून वीतभर अंतरावर ठेवला, तोंड फुलाकडे करून.

“रांगतोयच,” त्या म्हणाल्या. “जाईल तो.”

मग हात जोडून, डोळे मिटून किती वेळ पुटपुटत बसल्या कोण जाणे. तेवढा वेळ मी माझी सावली आवरून उभी होते, हलले नाही. माझ्या बाकी सगळ्या गोष्टींवर लोक माना डोलावतात. मी हलले नाही, ही एवढीच कुणाला पटत नाही.

त्यांनी डोळे उघडले, देवाला उचलून डब्यात ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या.

“चहा दे आता. आणि चल, तुझं ते पुढचं ऊन कुठंय ते बघू.”