कॅनडातल्या बाळाची आंघोळ

शेजारच्या बाळंतिणीकडून तापलेल्या तिळाच्या तेलाचा वास आला, की मला वणीतल्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते. ताई तिकडे कॅनडात पहिल्यांदा बाळंत झाली होती. आई आणि मी तिच्याकडे जाणार होतो. पण मला पूर्वी शिकायला जाण्याचा व्हिसा नाकारला होता, तोच नकार आडवा आला. भेटीचा व्हिसा आईला मिळाला, मला मिळाला नाही. "तुह्याबिगर मले वाटंत इमानं बदलता येतीन काय?" म्हणत आईनं जाणंच सोडलं. त्या सकाळी फोनवर ताई रडत होती, "आई, हे हातातून निसटून राह्यलं वं, कसं न्हाऊ घालू?" आईनं खाणीकडून अंगणात उडून आलेली कोळशाची धूळ झाडली, पाय पसरून बसली, गुंडाळलेला टॉवेल पायांवर घेतला आणि मोबाईलसमोर त्याला तेल चोळत सांगू लागली, "आधी मान धर, माय." मध्येच फोन बंद पडला. "आई, कटला फोन," मी म्हटलं. तिनं वर पाहिलं नाही, ती चोळतच राहिली. त्यानंतरही माझा अर्ज नाकारला गेला, ताईलाही येणं जमलं नाही. भाचा आता शाळेत जातो. आईनं त्याला एकदाही पायांवर घेतलं नाही, आणि आता तो मावायचा नाही.