आधी सत्कार, मग सामना

कुणी नुसती शाल उलगडली तरी हल्ली माझं डोकं फिरतं. घरच्यांना वाटतं, वय झालं हिचं. वय नाही हो, शिरूरची ती स्पर्धा!

मी दौंडच्या एका कॉलेजात खेळ शिकवते. त्या वर्षी मुलींच्या सॉफ्टबॉलची आंतरविद्यापीठ राष्ट्रीय स्पर्धा शिरूरच्या एका कॉलेजनं मागून घेतली होती. आमच्या विद्यापीठाच्या संघात चेंडू टाकणारी, म्हणजे पिचर, माझी विद्यार्थिनी होती. खुटबावची पोर. दोन वर्षं संघात होती आणि दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत घरी आली होती. हे तिचं शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. पदक मिळालं तरच खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचा अर्ज करता येणार होता. स्पर्धा बाद पद्धतीची, एक सामना हरला की बॅगा भरायच्या. उद्घाटनाचा सामना आमचाच होता, तीन वाजता. संघाबरोबर मीही गेले होते.

‘मॅडम, तुमचं मराठी गोड हाय,’ असं म्हणून तिथल्या संयोजक सरांनी सूत्रसंचालन माझ्या गळ्यात मारलं. मीही फुशारले, कशाला खोटं बोलू?

दोनचे पाहुणे साडेतीनला आले. तोवर पोरी ऊन खात बसलेल्या. मैदानात दिवे नव्हते, थंडीचे दिवस, सहानंतर चेंडू दिसत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. व्यासपीठावर मात्र कुणाला घाई नव्हती. दीपप्रज्वलनात वाऱ्यानं काडी चार वेळा विझली. मग सत्कार सुरू झाले. प्रमुख पाहुण्यांना फेटा, शाल, श्रीफळ. मग अध्यक्षांना. मग मंडप दिलेल्यांना, जेवण दिलेल्यांना, मैदानावर रोलर फिरवायला ट्रॅक्टर दिलेल्यांना. आणि चिठ्ठ्या! अहो, माझ्या हातात चिठ्ठ्यांचा नुसता पाऊस. ‘भांडगावचे माजी सरपंच उपस्थित आहेत, उल्लेख व्हावा.’ ‘कासुर्डीचे आप्पा मागच्या रांगेत बसलेत, पुढं बोलवावं.’ आप्पा पुढं आले की पुढच्या रांगेतल्या कुणाला तरी उठवायचं, आणि तो रुसायच्या आत त्याचाही सत्कार करायचा.

सव्वाचारला मुख्य पंच व्यासपीठाच्या जिन्यापाशी आले. परराज्यातला सज्जन माणूस, हात जोडून हिंदीत म्हणाला, मॅडम, आता सुरू करू या, नाहीतर सामन्याचे सातही डाव पूर्ण होणार नाहीत. मी संयोजक सरांकडं पाहिलं. ते कानाशी वाकून म्हणाले, ‘मॅडम, एक बी नाव गाळू नका. मानसं नाराज होत्यात. मग पुढच्या टायमाला आपल्या पाठीशी कोन उभं ऱ्हानार?’

माझ्या हातात अजून सात चिठ्ठ्या होत्या. मी पंचांना म्हटलं, ‘बस, दो मिनट.’ आणि सातही वाचल्या. एवढंच नाही, प्रत्येक नावामागं ‘क्रीडाप्रेमी’ लावलं.

पिचर कडेला हात गरम करत होती. चेंडू टाकायची, थांबायची, जाकीट घालायची, पुन्हा काढायची. तिसऱ्यांदा जाकीट घातलं तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हातानंच ‘झालं, झालं’ अशी खूण केली.

मग प्रमुख पाहुण्यांना बॅट मारायची हौस आली. पाचव्या चेंडूला बॅट लागली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. त्यांच्यामागून पन्नास माणसं मैदानात शिरली आणि सकाळी आखलेल्या फक्कीच्या रेघा बुटांनी पुसून टाकल्या. पुन्हा आखाव्या लागल्या. सामना सुरू झाला तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. मंडप निम्मा रिकामा. ज्यांचे सत्कार झाले ते क्रीडाप्रेमी चहाला गेले, ते परत आलेच नाहीत.

पण पोरीनं काय टाकला चेंडू! पहिल्या डावात हात आखडलेला होता, दोन धावा गेल्या. नंतर तिनं समोरच्यांना पाणी पाजलं. चौथ्या डावात आम्ही एक फेडली. पाच डाव झाले तेव्हा दोन-एक, आम्ही मागं. सहाव्यात आमची फलंदाजी. आमच्या दोघी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, बाद कुणीच नाही, आणि बॅट घेऊन हीच उभी. एक नीट फटका, की दोघी घरात, म्हणजे दोन धावा आणि आम्ही पुढं.

पंचांनी आभाळाकडं पाहिलं, दुसऱ्या पंचांना बोलावलं आणि दोन्ही हात वर केले. चेंडू दिसत नाही, खेळ बंद. पाच डाव पूर्ण झाले की तेव्हाचाच निकाल धरतात, तसा नियमच आहे; म्हणजे दोन-एक, आम्ही हरलो. उरलेला खेळ उद्या घ्यावा, तर दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक गच्च भरलेलं. मी भांडले, हातापाया पडले. पंच म्हणाले, मॅडम, मी तुम्हाला सव्वाचारलाच सांगितलं होतं.

ती बॅट घेऊन तशीच उभी होती. समोरच्यांची कॅचर निघून गेली, बेसवरच्या दोघी रडत आत आल्या, तरी ही उभीच. मी जवळ गेले. वाटलं, रडेल, मी पोटाशी धरीन. ती रडली नाही.

‘मॅडम, त्या समद्या चिठ्ठ्या वाचायच्याच व्हत्या का?’

‘अगं, काय करू? लोक नाराज होतात.’

तिनं बॅट खाली ठेवली.

‘आन् आमी नाराज झालो तर चालतंय व्हय, मॅडम?’

ती हातमोजे काढत बसकडं निघून गेली.