मैनाताईंनी मशीन निवडलं

रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये मशिनिस्टच्या तुकडीत मैना शितप ही एकटीच मुलगी होती. पुढे तिने चोवीस वर्षं मिरजोळ्याच्या एका कारखान्यात काढली. कारखाना बंद पडला तेव्हा भाट्याच्या अलीकडे घराला लागून असलेल्या चिऱ्याच्या खोलीत तिने लेथ बसवला, आणि गावाने तिला मैनाताई केलं. बागांमधल्या पंपांचे शाफ्ट, होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग, सगळं तिच्याकडे यायचं.

लेथवर लोखंड फिरवून गोल तासायचं काम झकास होई. पण शाफ्टवर चाक घट्ट धरून ठेवणारी पोलादी चावी बसवायची खाच मात्र छिन्नीने आणि कानशीने हातानेच पाडावी लागे. एका खाचेत अख्खी सकाळ जायची. यंदा बोटांना मुंग्या यायला लागल्या.

"आता खाच पाडणारं मिलिंग मशीन घेच गो," नवरा म्हणाला. लवूभाऊ एसटीत ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. "किती वर्षं घासत बसणार?"

दोघं आधी शहरातल्या दुकानात गेली. तिथे एक नवंकोरं, छोटं मशीन होतं. घरच्या लाइटीवर चालणारं.

"रिक्षातसुद्धा बसेल!" लवूभाऊ खूश झाले.

विक्रेत्याने ॲल्युमिनियमचा तुकडा कापून दाखवला. मैनाताईंनी पिशवीतून शाफ्टच्या पोलादाचा तुकडा काढला. "आता ह्यावर चालवा."

कटर किंचाळला, टेबल थरथरलं. कापलेल्या खडबडीत जागेवरून लवूभाऊंनी बोट फिरवलं.

"ही तर तांबोशीची खवलं!"

विक्रेताही हसला. मैनाताईंनी त्याचे आभार मानले आणि तुकडा परत पिशवीत टाकला.

दुसरं मशीन मिरजोळ्याला होतं. महिपतराव नावाचे वर्कशॉपवाले धंदा आवरून मुलीकडे राहायला निघाले होते. मशीन जुनं, रंग उडालेलं, वजन टनभर. मैनाताईंनी ते सुरूच केलं नाही. आधी नुसतं हँडल फिरवलं. दोन्ही टोकांना टेबल लगेच सरकत होतं. मधोमध मात्र हँडल पाव फेरा रिकामंच फिरे, मग टेबल हले.

"टेबल सरकवणारा स्क्रू मधेच झिजलाय," त्या म्हणाल्या.

महिपतरावांचा चेहरा उजळला. "तुमच्याआधी पाच जण येऊन गेले. सगळ्यांनी रंग बघितला." त्यांनी स्वतः पाना आणला आणि नट आवळून सैलपणा कसा कमी करायचा ते दाखवलं.

मग पिशवीतला तोच तुकडा टेबलावर चढला. कटर शांतपणे घुसला, कुरळ्या गरम चिपा उडाल्या. खाच अशी गुळगुळीत निघाली की मैनाताई खुदकन हसल्या.

"अगो, ह्याला थ्री फेज लागते," लवूभाऊ कुजबुजले. "आणि आपल्या दारातून आत जाणार कसं?"

"लाइटीचं मी बघते. दाराचं तुम्ही बघा."

घरच्या लाइटीवर थ्री फेज मोटर चालवणारा ड्राइव्ह मैनाताईंनी मागवून स्वतः जोडला. लवूभाऊंनी दाराची चौकट काढली आणि बाजूचे चिरे उतरवून वाट रुंद केली. मशीन आलं त्या दिवशी आजूबाजूचे आठ जण जमले. खाली लोखंडी पाइप टाकून, "हां, अजून! हां, थांब!" करत मशीन इंचाइंचाने आत सरकलं. महिपतराव टेम्पोबरोबर आले होते. कटरांची पेटी त्यांनी तशीच देऊन टाकली.

"पहिला कट तुम्हीच घ्या," मैनाताई त्यांना म्हणाल्या.

"छे! आयुष्यभर मीच चालवलंय. आज नुसतं बघू दे."

ते पिंपावर बसले. लवूभाऊंनी सगळ्यांना गरम घावणे आणि चटणी वाढली. मैनाताईंनी एका पंपाचा शाफ्ट चढवला. अर्ध्या तासात खाच तयार! चावी अंगठ्याने दाबताच अलगद बसली. महिपतरावांनी शाफ्ट हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि घावण्याचा घास तोंडात तसाच ठेवून जोरजोरात मान हलवली.

संध्याकाळी सगळे पांगले. लवूभाऊ चिरे परत लावायला उठले.

"राहू देत दोन दिवस," मैनाताई पुढचा शाफ्ट चढवत म्हणाल्या. "उजेड काय छान येतोय."