लाल काठाची चिठ्ठी

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, महिला मंडळातल्या एकीलाही नाही. देवाला माहीत आहे, पण त्याच्याशीसुद्धा मी यावर कधी नीट बोललेले नाही – प्रार्थनेत त्या जागेपाशी आले की मी घाईघाईने आजाऱ्यांची नावं घ्यायला लागते. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. मागच्या रविवारी मला पुन्हा ‘रोजच्या जगण्यात देवाची प्रीती’ यावर बोलायला उभं केलं आणि मी बोलले. छान बोलले. दोन बाया रडल्या. घरी येऊन भाकरी थापायला बसले तर हात चालेनात.

मी जालन्यात राहते, मस्तगडच्या बाजूला, दोन खोल्यांत. नवरा बियाण्याच्या गोदामात मुकादम आहे. माझे वडील शाळामास्तर, आणि रविवारी लेकरांची शाळाही तेच घ्यायचे. सातव्या वर्षी मला बायबलमधली इतकी वचनं पाठ होती की पाहुणे आले की मला मधे उभं करायचे. बक्षिसाच्या वाट्या अजून घरात आहेत. पण वचन पाठ असणं वेगळं आणि ते आपल्यालाच म्हटलंय असं वाटणं वेगळं, नाही का? मला ते तसं कधी वाटलं नाही. देव माणसांवर प्रीती करतो, हे मी कुठूनही सांगू शकले असते. माझ्यावर करतो – इथे माझी जीभ अडायची.

आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अक्षरओळख नव्हती.

आष्टीजवळच्या खेड्यात त्यांचा जन्म गेला. मामंजी वारल्यावर नवऱ्याने त्यांना जालन्याला आणलं. त्या देवाला ‘बाप’ म्हणायच्या, तेही असं, की जणू तो आत्ता ओट्यावर बसून चहा पितोय. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. नळ सुटला की सगळी गल्ली हंड्यांवरून भांडते, आणि आत्याबाई दारात उभ्या राहून हसायच्या. “बघ, बापाला आठवण हाये आपली.” मी म्हणायची, आत्याबाई, नगरपालिकेला आठवण झाली. त्या म्हणायच्या, नगरपालिकेला कोण आठवण देतं मंग? मेथीची जुडी चांगली निघाली तर बाप. गुडघा दुखायचा थांबला तर बाप. दुखायला लागला तरी बापच – आज घरी बस म्हणतोय म्हणे. मला हसू यायचं. खरं सांगू? हसू नव्हतं ते. माझ्या पोटात दुखायचं. ज्या घरात मी बक्षिसाच्या वाट्या घेऊन आले, तिथे ज्यांना एक ओळ वाचता येत नाही त्या माझ्यासमोर रोज जेवायला बसत होत्या – पोट भरून.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक रिवाज आहे. एक जानेवारीच्या सकाळच्या उपासनेनंतर बिस्किटांचा पत्र्याचा डबा फिरतो. त्यात वचनांच्या चिठ्ठ्या. प्रत्येकाने डोळे मिटून एक काढायची – ते देवाने त्याला त्या वर्षासाठी दिलेलं वचन. दुसऱ्या मंडळ्यांत आता मोबाईलवर येतात, आमच्याकडे अजून डबाच आहे. आणि त्या चिठ्ठ्या मी लिहिते. अक्षर चांगलं म्हणून लग्न झाल्यापासून माझ्याकडेच आहे ते काम. वर्षभर लग्नपत्रिका साठवते, डिसेंबरात कोऱ्या बाजूने कापते. एखादीला सोनेरी कड येते, एखादीला हळदी रंग, एखादीला लाल काठ. एक नियम पाळकसाहेबांनी घालून दिलेला – डब्यात फक्त आशीर्वादाची वचनं. दटावणीचं एकही नाही. वर्षाच्या पहिल्या दिवशी कोणी रडत घरी जाऊ नये.

हा नियम आत्याबाईंना माहीत नव्हता. त्यांना कोण सांगणार? मीच सांगायला हवा होता.

त्या चिठ्ठी काढायच्या आणि माझ्या हातात द्यायच्या. मी वाचायची. तंबाखू सोडल्यावर रिकामी झालेली एक चपटी डबी त्यांच्या कनवटीला असायची, तिच्यात ती जायची. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या तिच्यात होत्या. वाचता येत नव्हतं, पण रंगावरून कोणती कुठलं वचन ते बिनचूक सांगायच्या. हळदी रंगाची – तुझ्या आधी मी चालतो. सोनेरी कडेची – म्हातारपणी पण मीच उचलून घेईन. मी एकदा दोन उलट्यापालट्या करून बघितल्या. फसल्या नाहीत.

चार वर्षांपूर्वीची ती सकाळ. उपासना सुटली, बाया आवारात लिंबाखाली उभ्या, सगळ्या एकमेकींची वचनं विचारतायत. कोणीतरी म्हणालं, आत्याबाई, तुमची सून म्हणजे चालतंबोलतं शास्त्र. आत्याबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हसून म्हणाल्या, “वचनं समदी हिला पाठ हायती. पर बापाचा जीव माझ्यावर हाये.”

सगळ्या हसल्या. थट्टाच होती. सासू-सुनेत इतकंही चालत नाही का? चालतं. त्या दुसरं काही बोलल्या असत्या, माझ्या भाकरीला, माझ्या माहेराला नावं ठेवली असती, तर मी संध्याकाळपर्यंत विसरले असते. पण त्यांनी हसतहसत नेमकं तिथे बोट ठेवलं, जिथे मी स्वतःसुद्धा हात लावत नव्हते.

घरी येताना रस्त्यात त्यांनी चिठ्ठी पुढे केली. लाल काठाची. मी उघडली. माझंच अक्षर. देव म्हणतो, मी तुला माझ्या तळहातावर कोरून ठेवलंय – असं ते वचन. आणि मी –

मी ते वाचलं नाही. पाठ असलेलं दुसरंच म्हटलं. दटावणीचं. की तू ओठांनी माझं नाव घेतेस, पण तुझं मन माझ्यापासून दूर आहे. एवढ्यावर थांबले असते तरी एक होतं. पुढे मी माझ्या पदरचं जोडलं – मी तुला ओळखत नाही. वडिलांनी शिकवलेल्या स्पष्ट आवाजात, चिठ्ठीवर नजर ठेवून.

आत्याबाई चालायच्या थांबल्या. “असं लिवलंय?”

मी हो म्हणाले.

त्यांनी चिठ्ठी परत घेतली. दोन्ही बाजूंनी बघितली. मग म्हणाल्या, “बराबर हाये मंग. रागावला तरी लिवलं तर बापानंच.” आणि डबीत ठेवली.

मला वाटलं, संध्याकाळी सांगून टाकू, थट्टा केली म्हणून. थट्टेला थट्टा. संध्याकाळी पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर थट्टा वाटणार नाही. आठवड्याने वाटलं, त्या विसरल्या असतील. माणूस स्वतःला किती सोयीचं सांगतो, नाही?

त्या विसरल्या नव्हत्या. नळ आला, त्यांनी मुकाट्याने हंडे भरले. मी मुद्दाम म्हणाले, आत्याबाई, पाणी आलं. म्हणाल्या, हां, आलं. बस्. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं – ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि प्याला; आपण त्याचे नाही असं ज्याला वाटतं, तो ते घेत नाही. भाकरीचं ताट आमच्या बाकावर आलं. आत्याबाईंनी ते दोन्ही हातांनी धरलं, बघितलं आणि न घेता माझ्याकडे दिलं. प्यालाही तसाच. बाहेर पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणाल्या, पोट बराबर न्हाई. मी शेजारी उभी. ताटातला तुकडा मी खाल्ला होता.

पुढच्या महिन्यात तसंच. त्याच्या पुढच्याही.

दुसऱ्या कोणाकडून चिठ्ठी वाचून का घेतली नाही, असं तुम्ही म्हणाल. घरात त्यांचा मुलगा होता, गल्लीत शाळेच्या पोरी होत्या. पण बापाने आपल्याला घराबाहेर काढलंय हे कोण चारचौघांत दाखवेल? ती लाज त्यांना वाटणार, हे मला माहीत होतं. तिच्याच आधारावर मी निर्धास्त होते. नवऱ्याला आई गप्प झालेली दिसत होती. तो म्हणायचा, वय झालं.

मार्चात त्या एकट्याच एसटीने आष्टीला जाऊन आल्या. जावेशी त्यांचं शेळीवरून भांडण झालेलं, वीसेक वर्षं अबोला. तिच्या पाया पडून आल्या. गावात अजून दोन घरी गेल्या. कशाकशाची माफी मागितली त्यांची त्यांना ठाऊक. आपलं काय चुकलं ते शोधत फिरत होत्या – सापडलं की बाप बोलेल, अशा हिशेबाने.

आणि मग एका दुपारी मी तुरी निवडत बसले होते, तर माझ्यासमोर येऊन बसल्या आणि हात जोडले. सासूने सुनेला.

“त्या दिशी लिंबाखाली मी तुला हसले. चारचौघींत. तवाच बापानं तसं लिवलं. माफ कर मला, बाई.”

आता बोल, असं आतून कोणीतरी म्हणालं. तुरी सुपात होत्या, घरात दुसरं कोणी नव्हतं, इतकी मोकळी वेळ पुन्हा येणार नव्हती. मी त्यांचे हात खाली घेतले आणि म्हणाले, असू द्या आत्याबाई, केलं माफ.

मी त्यांना माफ केलं! हे वाक्य मला एकटी असताना अजून ऐकू येतं. आणि लपवायचं नाही म्हणून तेही सांगते – त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. थोडंसं. मी जिंकले होते.

पावसाळ्याच्या शेवटी त्यांनी अंथरूण धरलं. दवाखाना झाला, सलाईन झालं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी सगळं केलं. न्हाऊ घालणं, कूस बदलणं, पेज भरवणं. कशात कमी केलं नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, लेकीनं केलं नसतं. मी पेज भरवत होते आणि एक वाक्य गिळत होते.

एका दुपारी त्यांनी डबी मागितली. लाल काठाची चिठ्ठी काढली. बाकीच्यांपेक्षा ही जास्त जपलेली होती – प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळून. मला म्हणाल्या, येकदा वाच. मला कळलं, त्यांना बघायचं होतं की इतकं सगळं केल्यावर बापाने ते बदललंय का.

मी वाचलं. जे लिहिलं होतं ते. मी तुला माझ्या तळहातावर कोरून ठेवलंय. मला पुढे वाचवेना, रडायला आलं. पुन्हा वाचलं.

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. कितीतरी महिन्यांनी.

“न्हाई ग. ते तू माझं मन राखाया वाचून राह्यली.”

मी म्हणाले, आत्याबाई, हेच लिहिलंय, शपथ.

त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. “लई गुणाची हायेस तू. बाप तुला बरकत देईल.”

मी खोटं वाचलं तेव्हा त्यांनी मान्य केलं होतं. खरं वाचलं ते त्यांना माझं चांगुलपण वाटलं. आणि जाता जाता जो आशीर्वाद आपल्याला मिळणार नाही असं त्यांना वाटत होतं, तो माझ्यासाठी मागून गेल्या. आठ दिवसांनी गेल्या.

मातीच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, या बहिणीला देवाच्या प्रीतीची जशी खात्री होती तशी मी कोणात पाहिली नाही. मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हणाले.

पुष्कळ दिवस मी त्यांच्या एका बोलण्याला धरून राहिले. रागावला तरी लिवलं तर बापानंच, असं म्हणाल्या होत्या ना? ज्या अर्थी चिठ्ठी फेकली नाही, जपली, त्या अर्थी आत कुठेतरी त्यांचा धागा तुटला नसेल – असं. पण हे मी माझ्यासाठी काढलेलं समाधान आहे. प्रभुभोजनाचं ताट त्यांनी माझ्याकडे दिलं तेव्हाचा त्यांचा चेहरा मी बघितलाय.

चिठ्ठ्या अजून मीच लिहिते. आमच्यात वाचता न येणाऱ्या तीन-चार म्हाताऱ्या अजून आहेत, त्या डब्यातून चिठ्ठी काढून माझ्याचकडे येतात. आवाज स्पष्ट आहे म्हणून. लिहिलं असेल तेच मी वाचते, दोनदा वाचते. त्या विश्वास ठेवतात आणि घरी जातात.

त्या दुपारी वचन पुन्हा वाचायची गरजच नव्हती. माझ्या कबुलीमागोमाग ते आपोआप त्यांच्यापर्यंत पोचलं असतं. फक्त म्हणायला हवं होतं – आत्याबाई, तेव्हा मी खोटं वाचलं. त्यांचा हात माझ्या गालावर होता. कान शेवटपर्यंत चांगले होते. मी म्हणाले नाही.