जागचं न हलणारं

माझा नवरा जहाजावर खलाशी आहे. अधिकारी व्हायचं तर तोंडी परीक्षा द्यावी लागते, म्हणून तो सुट्टीवर आल्यापासून आमच्या जेवणाच्या टेबलाचा समुद्र झालाय. मिठाची बरणी त्याचं जहाज, लोणच्याची दुसऱ्याचं. वरण निवत असतं आणि मी पुस्तकातले प्रश्न विचारत असते.

"लांब एक जहाज दिसतंय. ते धडकणार, हे कसं ओळखायचं?"

"ते इकडेतिकडे सरकताना दिसलं तर बाजूने निघून जातं," लोणच्याची बरणी ढकलत तो म्हणाला. "पण आपण चालतोय, तेही चालतंय, आणि तरी ते एकाच दिशेला दिसत नुसतं मोठं होत गेलं, तर समजायचं, अंगावर येतंय."

उत्तर बरोबर होतं. उगाच उठून मी पाणी आणलं. जन्मभर मी धावत्या गोष्टींनाच घाबरत आले, भुंकत येणाऱ्या कुत्र्यांना, सुसाट रिक्षांना. त्या सगळ्याच बाजूने निघून गेल्या.

"पुढचा विचार ना. लक्ष कुठंय तुझं?"

पास झाला की तो लगेच जाणार. नापास व्हावा, असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

त्याच्या पाठीमागे कपाटावर त्याची बॅग आहे. तो आला त्या दिवसापासून ती जागची हललेली नाही. रोज थोडी मोठी दिसते.