आधी उजेडात या

“आधी उजेडात या,” असं गुरुजी प्रत्येकाला म्हणत. पोराची तक्रार घेऊन आलेला बाप असो नाहीतर सुईत दोरा ओवून मागणारी शेजारीण, त्यांना दारापाशी उभं करत, स्वतः दोन पावलं मागे सरत, एक डोळा बारीक करत आणि मगच ऐकायला लागत. मी त्यांच्याच शाळेत शिकवायचो आणि भिंतीपलीकडे राहायचो. त्यांना कमी दिसत असावं असा माझा समज होता. तुम्ही असतात तर तुमचाही तोच झाला असता.

तेव्हा बेलापूर खाडीकाठचं गाव होतं, नव्या शहराचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. एका मे महिन्यात गुरुजींची ट्रंक उन्हात काढायला मी हात लावला, तर तळाशी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला डब्यासारखा चौकोनी कॅमेरा निघाला. गुरुजींचा चेहरा उतरला. मग त्यांनी सांगितलं, लहानपणी मुंबईच्या मामांनी तो दिला होता. पोरगा खुळावला, दिवसभर उजेडाच्या मागे धावू लागला. एकदा त्याने लाडक्या आत्याचा फोटो काढला आणि आठवड्याच्या आत आत्या तापाने गेली. फोटोने माणसाचं आयुष्य ओढलं जातं, असं घरात सगळे बोलले. पोराने ते खरं मानलं, आणि चाळिशी आली तरी मानतच होता.

हे सगळं दारात मासळीची पाटी उतरवून जानकीबाय ऐकत होती. ती आमची रोजची कोळीण. आमच्याकडे माणसाचा फोटो आयुष्यात एकदाच निघे, तोही मेल्यावर, खुर्चीत टेकवून बसवून. तिच्या नवऱ्याचाही तसाच होता.

“माज्या दादल्याच्या फोटून नाकान कापूस हाय,” ती म्हणाली. “मेल्याव कारशील त्यो मना कसा दिसल? जिती हाय तवर कार.”

गुरुजी नाही म्हणाले. त्या दिवसापासून त्यांच्या वाट्याला नुसती शेपटं येऊ लागली. शेवटी पनवेलहून रोल आला. सकाळच्या उन्हात, धक्क्यावर, डोक्यावर पाटी घेतलेल्या जानकीबायला त्यांनी उजेडाकडे तोंड करायला सांगितलं आणि श्वास रोखून कळ दाबली.

मग सुरू झाली काळजी. रोज सकाळी तिची हाक ऐकू येईपर्यंत गुरुजींच्या घशाखाली चहा उतरेना. आणि एक दिवस ती आलीच नाही. गुरुजी वर्ग तसाच सोडून कोळीवाड्याकडे निघाले, त्यांच्यामागे मी.

जानकीबाय ओट्यावर गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती.

“भाचीची हळद होती. रातभर नाचले, पाय सुजलं,” ती म्हणाली.

गुरुजी मटकन तिच्या शेजारी बसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. धोतराच्या सोग्याने ते पुसत मला म्हणाले, “म्हणजे आत्या तापानेच गेली हो.”

छातीवरचा पाटा कुणी उचलून न्यावा तसे ते त्या दिवशी चालत परत आले. मलाच त्यांना गाठताना धाप लागली. पुढे दर रविवारी कॅमेरा गळ्यात घालून ते गावभर फिरत. मिठागरात मीठ ओढणारे, बाळंतिणी, तोंडाचं बोळकं झालेले म्हातारे, सगळ्यांना उजेडात बोलावत. मला तर ते वयाने लहान झाल्यासारखेच वाटत.

काही वर्षांनी त्यांची बदली झाली आणि तिकडेच ते वारले. शाळेत लावायला फोटो शोधू लागलो तर एकही नाही, कारण ते कायम कॅमेऱ्यामागे. जानकीबायने भिंतीवरचा आपला फोटो काढून आणला. पाठीवर ऊन घेऊन उभ्या राहिलेल्या गुरुजींची सावली तिच्या पायाशी पडली होती, डोक्यावर टोपी आणि कॅमेरा धरलेल्या हातांची दोन्ही कोपरं बाहेर.

तोच फोटो शाळेत लागला. मी हार घालायला गेलो, तर जानकीबायने माझा हात धरला.

“मना नको घालूस. मी जिती हाय.”

मग हार खालच्या चौकटीवर, सावलीपाशी आडवा ठेवला.