आवळलेला ग्लँड

मढच्या खडकांसमोर बोटीच्या इंजिनामागून ग्रीस जळल्याचा वास आला. फळी उचलली तर खाली घोटाभर पाणी. 

मी घाटकोपरच्या कारखान्यात पंपांचा मेकॅनिक. अंधेरीच्या एका डॉक्टरांची शिडाची बोट होती, छोटं डिझेल इंजिनही असलेली. वर्सोव्याहून अर्नाळ्याला जाऊन यायचं, सोबत मेकॅनिक हवा, म्हणून रजा टाकून गेलो.

पाण्यातला पंखा फिरवणारा शाफ्ट बोटीच्या बुडातून बाहेर जातो. तिथून पाणी आत येऊ नये म्हणून त्याच्याभोवती ग्रीस लावलेली सुती दोरी ठासतात आणि नटांनी दाबतात. तो ग्लँड. निघतानाच तो थेंब थेंब गळत होता. कारखान्यात गळका पंप म्हणजे आमची इज्जत गेली! मी नट आवळून तो ठणठणीत कोरडा केला. पण ते थेंबच शाफ्टला थंड ठेवतात. जाताना शिडावर निभावलं. परतताना वारा पडला, इंजिन लावलं आणि दोरी जळाली.

"इंजिन बंद करा!" मी ओरडलो.

बोट चालवणारा तांडेल वर्सोव्याचा कोळी. "बंद केलं तं भरती खडकावर घालंल, मिस्त्री. नांगर टाकतो, पन धरंल का नाय, सांगता येत नाय."

रविवारची संध्याकाळ. सगळा किनारा टीव्हीवरच्या सिनेमासमोर. हाक मारायची कोणाला?

ठासायची जादा दोरी आणली नव्हती. शिडाच्या दोऱ्या नायलॉनच्या, त्या वितळल्या असत्या. मी पायजम्याचा सुती नाडा ओढून काढला. "डॉक्टर, तुमचाही द्या."

"कदम, ही थट्टेची वेळ आहे का?"

"पाणी वाढतंय. द्या लवकर!"

दोन्ही नाडे पिळून ग्रीसमध्ये घोळवले. नट सैल करताच पाणी तोंडावर उसळलं. पायजमा कधीच घोट्यांशी गेला होता. डॉक्टर एका हातानं आपला सावरत दुसऱ्या हातातल्या बादलीनं पाणी उपसत होते.

"नांगर सरकतोय!" तांडेल ओरडला.

नाडे ठासले, नट आवळले. धार थांबून थेंब पडू लागले. सवयीनं पाना पुन्हा फिरवणार, तोच तांडेलानं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. तेवडं पडायलाच पायजे."

इंजिन लावलं. खडक मागे पडले तेव्हा मला रडूच आलं.

धक्क्यावर डॉक्टर लोकांना सांगू लागले, "कदमांनी बोट वाचवली." थोडा वेळ ऐकून घेतलं, मग राहवेना.

"बुडवायला काढली होती तीही मीच, डॉक्टर. निघताना ग्लँड मी आवळला."

 डॉक्टरांनी बादली माझ्या हातात दिली. "उरलेलं पाणी तुम्ही उपसा."

ग्लँड आवळला तेव्हा तांडेल चार हातांवर उभा होता. तेव्हापासून, काही दुरुस्त करण्याआधी ते खरंच बिघडलंय का, हे मी चालवणाऱ्याला विचारतो.